जोडले, पण चालत नाही

गेल्या अंकी आम्ही या सदरातून, घरातील जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, म्हणजे नित्याच्या बोलीतील ऑपरेटिंग सिस्टिम, कशी बसवून घ्यावी याचे विवेचन केले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच अडचणीकडे आहे. संगणक सुरू झाला, पडदा उजळला, मराठी अक्षरेही उमटू लागली. परंतु यूएसबीच्या खाचेत जोडलेली उपकरणे मात्र काही चालतात आणि काही ढिम्म हलत नाहीत. दांडिया बाजारातील एका वाचक भगिनींच्या घरी माऊस व पेनड्राइव्ह विनातक्रार चालू लागले, प्रिंटर अबोल राहिला, आणि ज्या स्कॅनरवर आजेसासऱ्यांच्या गायकवाडी नोकरीचे दाखले व काही मोडी पत्रे उतरवून परगावच्या नातवंडांना पाठवावयाची होती, तो स्कॅनर 'आता निकामी झाला, नवा घ्या' असा निकाल एका दुकानदाराने देऊन टाकला. मोडीचे कागद जपण्यासाठी जे यंत्र हवे, तेच मोडीत काढावयाचे! हा सल्ला आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रश्न एकट्या त्या भगिनींचा नाही. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे काल उत्तम चालणारे कितीतरी संगणक आज 'जुने' ठरले, आणि शाळांच्या संगणक-कक्षांतून तर असलेच संगणक अधिक. ज्यांनी लिनक्सचा मार्ग धरला त्यांचा संगणक वाचला खरा. परंतु प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम हा सारा गोतावळा जर फेकून द्यावा लागला, तर त्या बचतीला अर्थ काय? म्हणून या वेळी हे सदर संपूर्णपणे यूएसबी उपकरणांना दिले आहे.

यूएसबी जोडणीचे आपल्या वडोदऱ्याशी नाते आहे, हे कदाचित सर्वच वाचकांना ठाऊक नसेल. ही जोडणी ज्यांनी आखली त्यांतील प्रमुख अभियंता अजय भट्ट हे याच शहरातले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत शिकले आणि १९९० साली इंटेल कंपनीत गेले. त्या काळी संगणकाच्या पाठीमागे माऊसची खाच वेगळी, प्रिंटरची वेगळी, मोडेमची आणखी वेगळी असा पसारा असे. मुलीच्या शाळेच्या कामासाठी कागद छापताना आपल्या पत्नीची उडालेली तारांबळ पाहून हा विचार बळावल्याचे भट्ट यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी व नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. प्लग पहिल्या खेपेस हमखास उलटाच का जातो, हाही प्रश्न भट्टांना विचारला गेला आहे. दोन्ही बाजूंनी जाणारा प्लग केला असता तर तारा वाढल्या असत्या आणि खर्चही, हे त्यांचे उत्तर. वडोदऱ्याच्या हिशेबी वृत्तीला ते शोभणारेच आहे.

यूएसबीचा त्रास ही लिनक्सचीच मिरासदारी आहे, असेही कोणी समजू नये. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात, बिल गेट्स मंचावर उभे असता, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ चे कौतुक करीत एक स्कॅनर यूएसबीने जोडला, आणि सहस्र प्रेक्षकांदेखत तो प्रसिद्ध निळा पडदा अवतरला. उलट लिनक्सच्या गाभ्यात यूएसबीची सोय जानेवारी २००१ मधील २.४ या आवृत्तीपासून रुळलेली आहे. आणि वेगवान यूएसबी ३.० चा आधार तर सर्व कार्यप्रणालींत प्रथम लिनक्सनेच, सप्टेंबर २००९ मध्ये, दिला. तो सारा शार्प या अभियंत्रीने लिहिला होता. तेव्हा रस्ता पक्का आहे. अडते ते पुढे.

नेमके कोठे अडते हे समजण्यासाठी, उपकरण जोडल्यावर काय घडते ते पाहिले पाहिजे. शाळेत नवा विद्यार्थी येतो त्याहून हा प्रकार फारसा निराळा नाही. प्लग खाचेत जाताच उपकरण एका तारेवरील विद्युत्-दाब बदलून आपण आल्याची वर्दी देते. संगणक त्यास प्रथम शून्य क्रमांकावर उभे करतो, मग १ ते १२७ यांतील एक हजेरी-क्रमांक बहाल करतो आणि विचारतो: आडनाव काय, नाव काय, कोणते काम येते? आडनाव म्हणजे उत्पादकाचा क्रमांक आणि नाव म्हणजे त्या विशिष्ट नमुन्याचा क्रमांक. दोन्ही प्रत्येकी चार चिन्हांचे असतात; मात्र ही गणती सोळाच्या पायावरची असल्याने ० ते ९ या अंकांनंतर ए पासून एफ पर्यंतची रोमन अक्षरेही अंक म्हणून येतात. कॅननचे आडनाव ०४ए९, एप्सनचे ०४बी८, लॉजिटेकचे ०४६डी. ही आडनावे यूएसबीचे मानक सांभाळणारी संस्था देते. कोणी मनाने घेऊ नयेत असा दंडक आहे.

हा दाखला प्रत्येकास घरबसल्या पाहता येतो. टर्मिनल नावाची खिडकी उघडून तीत एल, एस, यू, एस, बी ही पाच लघु रोमन अक्षरे सलग टंकावीत आणि एंटर दाबावे. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एक ओळ दिसेल व तीत विसर्गचिन्हाने जोडलेले हे दोन क्रमांक असतील. उपकरण काढून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. जी ओळ नाहीशी झाली ती त्याची. ही क्रिया बिनधोक आहे, तिने काहीही बदलत नाही. दुकानात जाण्यापूर्वी एवढे प्रत्येकाने करावेच असा आमचा आग्रह आहे, कारण पुढचा सारा निर्णय या एका ओळीवर अवलंबून असतो.

ओळ मुळी दिसलीच नाही, तर दोष कार्यप्रणालीचा नाही. तार, खाच किंवा वीज यांत आहे. मोबाइलच्या काही स्वस्त तारांत केवळ विजेच्याच वाहिन्या असतात, माहिती वाहणाऱ्या तारा नसतातच. पाच मीटरांहून लांब तार यूएसबी २.० ला मानवत नाही. आणि वीज: यूएसबी २.० च्या खाचेतून उपकरणास आरंभी १०० मिलिअँपिअर आणि ओळख पटल्यावर अधिकात अधिक ५०० मिलिअँपिअर एवढाच शिधा मिळतो. एका स्वस्त हबवर तीन-चार उपकरणे लोंबकळविली तर सर्वांची उपासमार होते. उपकरण थेट संगणकाच्या पाठीमागील खाचेत लावून पाहावे. निम्म्या तक्रारी तेथेच मिटाव्यात.

ओळ दिसते आहे, तरी उपकरण चालत नाही, हीच खरी कसोटीची जागा. येथे ड्रायव्हर नावाचा गृहस्थ प्रवेश करतो. या शब्दास 'चालक' असा प्रतिशब्द रूढ होऊ पाहत आहे, पण तो आम्हांस पटत नाही. चालक म्हटले की डोळ्यांपुढे रिक्षा येते. महाराज सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांसाठी अनेक भाषांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली सिद्ध करविला. तसा कोणी आज संगणकासाठी केला तर त्यात ड्रायव्हरपुढे 'दुभाष्या' हा शब्द घालावा अशी आमची सूचना आहे. कारण ड्रायव्हर काही चालवीत नाही. कार्यप्रणाली जे सांगते ते उपकरणाच्या भाषेत आणि उपकरण जे सांगते ते कार्यप्रणालीच्या भाषेत तो पोहोचवितो. स्वयंपाकघरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी अशी तीन दारे रोज ओलांडणाऱ्या आपल्या घरांना हे काम काय असते ते वेगळे सांगावयास नको.

माऊस, कळफलक, पेनड्राइव्ह व आजकालचे बहुतेक वेबकॅम का लगेच चालतात? कारण त्यांची भाषा मानकातच सार्वजनिक ठरलेली आहे. उपकरण आपले काम सांगताना एक वर्ग-क्रमांक देते: ०३ म्हणजे कळफलक-माऊसचा वर्ग, ०८ म्हणजे साठवणीचा, ०ई म्हणजे चित्रफितीचा. त्या वर्गासाठी एकच दुभाष्या पुरतो, कंपनी कोणतीही असो. परंतु एफएफ असाही एक वर्ग आहे. त्याचा अर्थ एवढाच, की 'आमची भाषा आमच्या घरची आहे, ती आम्हांलाच विचारा.' अनेक जुने स्कॅनर या वर्गातले. प्रिंटरची गंमत तर आणखी निराळी. त्याचा ०७ हा वर्ग ठरलेला आहे. पण त्या वर्गाने केवळ पाकीट पोहोचविण्याची हमी मिळते, आतल्या पत्राची भाषा कोणती हे ठरत नाही. म्हणूनच 'प्रिंटर दिसतो, पण कोरा कागद येतो' किंवा 'पानेच्या पाने अगम्य चिन्हे येतात' अशी पत्रे आम्हांस येतात. पाकीट पोहोचले आहे; पत्र वाचता आलेले नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची सारी चळवळच मुळात एका प्रिंटरवरून पेटली, हे येथे सांगितले पाहिजे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो मुकाट्याने थांबे, आणि वेगळ्या मजल्यावर बसलेल्यास ते कळत नसे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून, कागद अडकताच सर्वांना निरोप जाईल अशी व्यवस्था केली होती. नव्या प्रिंटरसाठीही ती करावी, तर त्याची मूळ आज्ञावली कंपनीने दिलेली नव्हती. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एकाकडे ती आहे असे कळल्यावर स्टॉलमन त्याच्याकडे गेले. परंतु 'न देण्याच्या करारावर सही केली आहे' असे म्हणून त्याने नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे या नकाराची बोच होती. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला गाभा त्यास येऊन मिळाला आणि आज आपण जिला लिनक्स म्हणतो ती प्रणाली उभी राहिली. चार दशकांनंतरही आपले घोडे प्रिंटरपाशीच अडावे, हा योगायोग नव्हे. यंत्र विकत घेतले तरी त्याची भाषा विकत मिळत नाही, हे भांडण तेव्हाचेच आहे.

आपल्याकडील कचेऱ्यांतून व छपाईच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या राबलेला एचपी लेझरजेट १०२० घ्या. हे यंत्र स्वस्त करताना त्याच्या पोटातील स्मरणशक्तीच काढून घेतलेली आहे. वीज बंद झाली की ते आपली आज्ञावली विसरते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाने ती प्रथम पाठवावी लागते. त्यावाचून ते एक अक्षर छापीत नाही. लिनक्सवर एचपीलिप नावाचा संच असतो, पण ही आज्ञावली कंपनीच्या मालकीची असल्याने त्या संचात ती अंतर्भूत नाही. 'एचपी-प्लगइन' ही आज्ञा देऊन एकदा इंटरनेटवरून ती उतरवून घ्यावी लागते. एवढे केले की पुढे तक्रार राहत नाही. कॅनन एलबीपी २९०० ची कथा अधिक खडतर. त्याची कॅप्ट नामक भाषा कंपनीची खाजगी. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला खरा, पण तो बसविणे जिकिरीचे आहे. काही स्वयंसेवकांनी प्रिंटर व संगणक यांच्यातील संभाषण ऐकून, एखाद्या शिलालेखाची लिपी उलगडावी तशी ही भाषा उलगडून, आपला ड्रायव्हरही लिहिला आहे. मात्र ज्यांच्या घरी जाणते कोणी नाही, त्यांनी या वाटेस एकट्याने जाऊ नये.

नवा प्रिंटर घेणाऱ्यांसाठी मात्र काळ बदलला आहे. ॲपलने २०१० साली आयफोनवरून छपाईसाठी एअरप्रिंट ही पद्धती आणली आणि त्यापायी प्रिंटर-कंपन्यांना एक समान भाषा पत्करावी लागली. तीच भाषा यूएसबीच्या तारेवरूनही बोलता येते. अलीकडच्या लिनक्स आवृत्त्यांत त्याची सोय आयतीच असते, आणि अशा यंत्रातील स्कॅनरही बहुधा त्याच वाटेने चालतो. तेव्हा खरेदीच्या वेळी खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया ही खूण आहे का ते पाहावे. दुकानदार 'सगळ्यात चालतो' म्हणाला, तर खूण दाखवा म्हणावे.

आता स्कॅनर. लिनक्सवर सेन या संक्षिप्त नावाचा एक प्रकल्प अनेक वर्षे चालू आहे. त्याने शेकडो स्कॅनरांची यादी प्रसिद्ध केली असून प्रत्येकापुढे शेरा दिला आहे: संपूर्ण, चांगला, प्राथमिक, अल्प, न तपासलेला अथवा असमर्थित. आम्हां शिक्षकांना ही पद्धत फार आवडली. प्रगतिपुस्तकात इतका प्रामाणिकपणा क्वचितच असतो. आपल्या स्कॅनरचे आठ चिन्हांचे क्रमांक घेऊन ही यादी पाहावी. कॅननच्या लाइड मालिकेतील अनेक जुने चपटे स्कॅनर तीत चांगल्या शेऱ्यांसह आहेत. दांडिया बाजारातील भगिनींच्या पत्रातही नाव याच मालिकेतील आहे. त्यांनी तो भंगारात मुळीच देऊ नये. 'डॉक्युमेंट स्कॅनर' हा लहानसा प्रोग्रॅम बहुतेक लिनक्स आवृत्त्यांत मिळतो. मोडी पत्रांसाठी ३०० ठिपके प्रति इंच व रंगीत ही निवड ठेवावी. काळ्या-पांढऱ्यात शाईचा फिकटपणा व कागदाचा डाग यांतील भेद हरवतो, आणि मोडी वाचणाऱ्यास तो भेद हवा असतो. जीर्ण कागद काचेवर दाबू नये, वर पांढरा कोरा कागद ठेवून झाकण अलगद टेकवावे.

दुकानदाराचा 'निकामी' हा शब्द कोठून आला? नव्या विंडोजसाठी कंपनीने त्या नमुन्याचा ड्रायव्हर काढला नसेल, एवढेच. काच शाबूत, दिवा शाबूत, मोटार शाबूत. कंपनीला दुभाष्याचा पगार परवडेनासा झाला आणि तिने त्यास घरी पाठविले. लिनक्समध्ये दुभाष्याचे सारे टिपण उघडे असते, त्यामुळे मूळ लेखक निवृत्त झाला तरी दुसरा ते पुढे चालवू शकतो. फ्रान्समधील मिशेल झार हे व्यवसायाने वैद्य. त्यांनी फावल्या वेळात दोनशेहून अधिक वेबकॅम लिनक्सवर चालते केले. पुढे दुसऱ्या एकाने ते काम नीट लावले आणि २००८ साली ते लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. त्या वैद्यांना यातून काय मिळाले असेल हे त्यांनाच ठाऊक. परंतु कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी वेबकॅम त्यानंतर चालू राहिले.

दुभाष्या कोणाच्या हातात असतो याला किती महत्त्व आहे, ते ऑक्टोबर २०१४ मध्ये दिसून आले. एफटीडीआय ही कंपनी यूएसबीसाठी लागणारी एक लहान चिप बनविते. तिच्या नकली प्रती बाजारात फार झाल्या. कंपनीने विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून असा ड्रायव्हर पाठविला, की नकली चिप सापडताच तो तिच्या पोटातील नाव-क्रमांक पुसून शून्य करी. नकली चिप कोणी घातली, कोणी विकली, याचा ग्राहकाला पत्ताही नसे. त्याचे उपकरण मात्र एका सकाळी ओळखेनासे झाले. ओरड झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. नकली मालाचे समर्थन आम्ही करीत नाही; पण चोरी करणारा सोडून गिऱ्हाइकाला शिक्षा करणे हा कोणता न्याय? लिनक्सच्या मंडळींनी शून्य क्रमांकाच्या त्या चिपांनाही आपल्या यादीत दाखल करून घेतले, आणि ती उपकरणे लिनक्सवर चालू राहिली.

येथपर्यंत दुभाष्याचा विचार झाला. आणखी एक अडसर राहतो, तो परवानगीचा, आणि शाळांना तोच अधिक भेडसावतो. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण एखाद्या दप्तरासारखे असते. ते उघडण्याचा अधिकार कोणत्या गटास आहे हे ठरलेले असते. अटल टिंकरिंग लॅब ज्या शाळांत आहे, तेथे आर्डुइनो नावाचे छोटे फलक मुले हाताळतात. फलक दिसतो, दुभाष्याही हजर आहे, तरी 'परवानगी नाही' असे उत्तर येते. उबुंटू वा डेबियनवर अशा वेळी त्या वापरकर्त्याचे नाव डायलआउट या गटात घालावयाचे असते. नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला पाहिजे. तो केला नाही तर बदल लागू होत नाही, आणि मास्तर मंडळी संध्याकाळपर्यंत डोके धरून बसतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: जे काम मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने होते आणि साध्या वापरकर्त्याने होत नाही, तेथे दोष परवानगीचा. मात्र म्हणून सर्व कामे व्यवस्थापकाच्याच अधिकाराने करू लागणे म्हणजे किल्ली हरविल्यावर दारच काढून ठेवण्यासारखे आहे.

स्वस्त आर्डुइनो फलकांच्या बाबतीत २०२२ साली एक चमत्कारिक प्रकार अनेकांच्या अनुभवास आला, आणि आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही तो घडला. उबुंटू २२.०४ वर फलक जोडावा, क्षणभर दिसावा, आणि नाहीसा व्हावा. कारण असे. या फलकांवरील सीएच३४० या चिपचा क्रमांक १ए८६, ७५२३ असा आहे. नेमकी तीच चिप दृष्टिहीनांसाठीच्या एका ब्रेल उपकरणातही आहे. बीआरएलटीटीवाय नावाची ब्रेलची सोय तो क्रमांक दिसताच 'हे आमचे' म्हणून फलकाचा ताबा घेई. सर्वत्र उपाय सुचविला गेला तो ही सोय काढून टाकण्याचा, आणि ज्या संगणकावर ब्रेलचा वापर कोणी करीत नाही तेथे तो योग्यच आहे. परंतु आमच्या वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. त्याला आज ब्रेल पडदा नाही, उद्या मिळेल. म्हणून आम्ही सोय ठेवली. फक्त त्या एका क्रमांकाचा नियम स्थगित केला. यास दहा मिनिटे अधिक लागली. एखाद्या घरी असा प्रसंग आला, तर काढून टाकण्यापूर्वी ही वस्तू कोणासाठी ठेवलेली होती एवढे विचारावे.

पेनड्राइव्हविषयी फार लिहावयास नको. एक्सफॅट पद्धतीची साठवण लिनक्सचा गाभा २०१९ च्या अखेरीपासून स्वतःच वाचू लागला, तेव्हा ती जुनी तक्रार आता राहिली नाही. एवढेच, की लिनक्स लिहिलेली माहिती काही काळ आपल्या स्मृतीत धरून ठेवते; 'नक्कल पूर्ण' दिसले तरी 'सुरक्षित काढा' म्हटल्याशिवाय हिसका देऊ नये. लग्नाची छायाचित्रे अशाने गेलेली आम्ही पाहिली आहेत.

काही उपकरणांबाबत खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे, मराठी टंकजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरसोबत येणारे यूएसबी कुलूप यांचे दुभाष्ये विक्रेत्याच्याच ताब्यात असतात. त्याने लिनक्ससाठी सोय दिली आहे का हे आधी लेखी विचारावे. नसेल तर त्या कामापुरता एखादा विंडोज संगणक राखून ठेवावा. त्यात कमीपणा नाही.

एका ज्येष्ठ वाचकांनी विचारले आहे की, लिनक्सवर चालणारा 'मराठी कळफलक' कोठे मिळेल? तो शोधण्याची गरज नाही. यूएसबी कळफलकास कोणतीच भाषा येत नाही. तो केवळ कळीचा क्रमांक कळवितो. रोमन के ची कळ दाबली की १४ हा क्रमांक जातो, बस्स. त्याचा के करावयाचा की क, हे कार्यप्रणाली ठरविते. मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट निवडले की त्याच कळीवर क उमटेल. घरातला जुनाच कळफलक ठेवावा आणि कळांवर लावण्याच्या देवनागरी चिकटपट्ट्या आणाव्यात.

पुढील अंकी लिनक्सवरील मराठी टंकलेखन व जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा विचार करू. दरम्यान ज्यांना उपकरणांविषयी पत्र पाठवावयाचे आहे त्यांनी 'आमचा प्रिंटर चालत नाही' एवढेच न लिहिता, वर सांगितलेल्या पाच अक्षरांच्या आज्ञेने दिसणारी संपूर्ण ओळ, लिनक्सच्या आवृत्तीचे नाव, आणि व्यवस्थापकाच्या अधिकाराने करून पाहिले असता काय झाले, हे तिन्ही कळवावे. क्रमांक सुवाच्य लिहावा; बी आणि ८ यांत गोंधळ झाल्याने गेल्या महिन्यात एका पत्राचे उत्तर देण्यास आम्हांस आठ दिवस लागले.